निंबूनाल्याचं अत्तर

दिवाकरभाऊ गेले, हे सुमनवहिनींनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मी लाखोरीची डाळ निवडत बसले होते. "बाई, हे उठून नाई राह्यले," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळचे दहा वाजले असतील. चहा पिऊन ते खाटेवर आडवे झाले होते, वहिनी अंगण आवरून आत आल्या तर... मी ताट तसंच ठेवलं आणि स्कूटर काढली. त्यांच्या घरापर्यंतच्या रस्त्यात मला एकच वाक्य आठवत राहिलं, आणि ते त्यांचं नव्हतं, माझं होतं. त्या वाक्याशी मी पुढे येईनच. ते टाळता आलं असतं तर हे सगळं लिहायला मी बसलेच नसते.

नदीवर मीही गेले. आमच्याकडे आता बायका जातात, कुणी काही म्हणत नाही. सरणाची लाकडं डेपोतून आली होती, जाड आणि आतून ओली, त्यामुळे ती तिथेच फोडावी लागली. दोघांनी कुऱ्हाडी चालवल्या आणि पहिला ओंडका उकलला तसा वास आला. मी नाकातोंडाला पदर लावला आणि सरळ रस्त्यापर्यंत चालत गेले. अग्नी दिला तेव्हा मी तिथे नव्हते. लोक म्हणाले, बाईंना सोसलं नाही, इतक्या वर्षांची ओळख, होणारच. माझी बाजू राखायला बोलले बिचारे. खरं कारण निराळं होतं.

या तालुक्याच्या गावी मी उच्च माध्यमिकच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायला आले, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. माझं माहेर वर्ध्याकडचं, इथे जंगलात बदली म्हणजे घरच्यांना शिक्षाच वाटली होती. दिवाकरभाऊ तिथे प्रयोगशाळा परिचर होते. परीक्षानळ्या धुणं, आम्लांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावणं, मुलांनी फोडलेल्या काचा गोळा करणं, हे त्यांचं काम. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी मी प्रयोगशाळेचं दार उघडलं. नाकाची तयारी सडक्या अंड्याच्या वासाची होती आणि समोरून आला लिंबाचा. टेबलावर चंबूत लिंबाच्या साली रटरटत होत्या, वर कंडेन्सर जोडलेला, आणि हे महाशय त्यापुढे डोळे मिटून उभे.

"दिवाकरभाऊ, हे काय चाललंय?"

"वास काढून राह्यलो, बाई."

"कसला वास?"

"निंबूनाल्याचा."

शाळेची उपकरणं घरकामाला वापरता म्हणून मी त्यांना झापायला हवं होतं. मी झापलं, पण भलत्याच गोष्टीवरून. कंडेन्सरला पाणी खालून सोडायचं असतं, त्यांनी वरून सोडलं होतं. मी नळी काढून उलटी लावली, त्यांना दहा मिनिटं कारण समजावलं आणि मगच विचारलं, निंबूनाला म्हणजे काय. चूक दिसली की आधी ती दुरुस्त करायची, बाकीचं नंतर. ही खोड मला तेव्हाही होती. तिनंच पुढे घात केला.

निंबूनाला ही आमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावरची जंगलातली जागा. दिवाकरभाऊंचे वडील जंगलतोडीवर मजूर होते. तोडीसाठी आखून दिलेल्या पट्ट्याला इथे कूप म्हणतात. त्या कुपातली तोड संपेपर्यंत मजुरांच्या झोपड्या नाल्याकाठी पडलेल्या असत. दिवाकरभाऊंची आई आंबिलीसोबत लिंबू खायची, जाड खडबडीत सालीचं जंबेरी, आणि बिया मागे टाकून द्यायची. त्यांची झाडं झाली. वयाच्या सातव्या वर्षापर्यंत ते तिथे राहिले. मग आई तापानं गेली, तोड पुढे सरकली, झोपड्या उठल्या आणि बापानं त्यांना गावात आत्याकडे आणून सोडलं. आईचा चेहरा त्यांना आठवत नव्हता, फोटो तर कुठला असायला. आठवत होता फक्त वास. "झोपडीच्या दाराची तट्टी सारली का असा वास ये बाई, का माय उठवाच्या पह्यलेच मी उठून बसो. आधी निंबू, मंग लाकूड, अन् मंग दोन्ही एकाच टायमाले. तसा वास मले पुन्हा कुठीच नाई भेटला." तो वास त्यांना बाटलीत हवा होता. आई परत येत नाही, एवढी अक्कल त्यांना होती. पण ती ज्या हवेत होती ती हवा तरी मिळावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आणि मागणं काही लहान नव्हतं. त्यांच्याकडे ना शिक्षण ना साहित्य. लिंबाची साल, लिंबाचं पान, उन्हाळ्यात वाळलेलं तिखाडी गवत, धानाच्या बांधावरचा नागरमोथा, नदीकाठचा वाळा, सालईचा डिंक, सागाचा पाला, गळून पडलेली साल... जे हाती लागेल त्याचा अर्क ते काढत आणि एकमेकांत मिसळत. मग जुन्या धोतराची पांढरी चिंधी त्यात बुडवून प्रयोगशाळेच्या मागच्या खिडकीत दोरीवर टांगत. चिंधीवर तारीख आणि नंबर. पहिल्या दिवशी वास घ्यायचा, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. "निंबू पळते बाई अन् लाकूड बसून राह्यते. दोघाची भेटच होऊन नाई राह्यली." मी त्यांना फळ्यावर काढून दाखवलं, हलके रेणू आधी उडतात, जड मागे राहतात, हा काही तुमचा दोष नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग माया मायच्या झोपडीत कशी होत होती भेट?" मी फळा पुसला आणि चिंधी नाकाशी नेली. विज्ञानाच्या शिक्षिकेला चिंधी हुंगत उभी पाहून सहकारी हसायचे. हसोत बापडे. हळूहळू मला त्या चिंध्यांची सवयच लागली.

त्यांचा एक नियम होता. झाडाचं काहीही तोडायचं नाही. पडलेलं असेल तेवढंच उचलायचं. लिंबूसुद्धा गळालेलंच, डिंकही आपोआप सुटलेला, लाकूड म्हणजे वाऱ्यानं मोडलेली वाळकी फांदी. बापानं आयुष्यभर कुऱ्हाड चालवली, आता आपण एक डहाळीही तोडणार नाही, असं त्यांनी कधीतरी ठरवून टाकलं होतं. मी चिडवायचे, की तुम्ही लाकडाचं अत्तर करताय की कचऱ्याचं. ते हसायचे, पण ऐकायचे नाहीत. वाळक्या फांदीच्या अर्काला पावसात भिजलेल्या बाकासारखा वास यायचा, ती बाटली बाजूला जायची आणि नवा नंबर पडायचा.

दर एक-दोन महिन्यांनी रविवारी आम्ही निंबूनाल्याला जायचो, चिंधीतला वास खऱ्या वासाशी ताडून पाहायला. कधी सुमनवहिनी बरोबर, कधी माझ्या स्कूटरवर आम्ही दोघंच. झोपड्यांचा मागमूस राहिला नव्हता. लिंबाची झाडं रानटी होऊन दाटली होती, आणि तोडलेल्या कुपात पुन्हा साग आणि बिजा उभा राहिला होता, आभाळ दिसू नये इतका. जागा सुंदर होती, यात वाद नाही. पण तिथे तो वास नव्हता. लिंबाचं पान चुरडलं तर लिंबाचा, खाली ओल्या पाचोळ्याचा, नाल्याच्या गाळाचा. लाकडाचा नव्हताच. दिवाकरभाऊ प्रत्येक वेळी नवी सबब सांगायचे. आज वारा उलटा आहे. आज दमट आहे. आज मोहफुलं वेचणाऱ्यांनी खालचा पाला जाळला, त्याचा धूर आड आला. पंचवीस वर्षं वारा उलटाच कसा असतो, असं मी कधी विचारलं नाही. त्यांच्या तोंडावर एवढी आशा असायची की विचारवतच नव्हतं.

नाल्यापलीकडे गोंडांचा आठ-दहा घरांचा टोला आहे. तिथली मैनाबाई डिंक आणि हिरडा वेचायला यायची. आमच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी, कानात बाळ्या, सुनेशी गोंडीत बोलायची आणि आमच्याशी मराठीत. एकदा दिवाकरभाऊ सागाच्या बुंध्याला नाक लावून उभे होते ते पाहून ती हसत सुटली.

"काय हुंगून राह्यले, भाऊ?"

"लाकडाचा वास येते का पाहून राह्यलो."

"उभ्या झाडाले काऊन येईन लाकडाचा वास? झाडाले झाडाचा वास येते."

तिघंही हसलो. रसायनशास्त्र शिकवणारी मीसुद्धा. तिथून परत येताना त्यांनी तिला पडलेली लिंबं अर्धी दिली, अर्धी आपल्या पिशवीत टाकली, आणि ती गोष्ट तिथेच संपली. मला आज राग येतो तो या हसण्याचा.

एका महाशिवरात्रीला त्यांनी मार्कंड्याच्या जत्रेत अत्तराचं दुकान लावलं होतं. मीच भरीस घातलं होतं. एक घोंगडी, तिच्यावर वीस-बावीस छोट्या बाटल्या, मागे सुमनवहिनी हातपंखा घेऊन. शेजारी परगावचा अत्तरवाला गुलाब, मोगरा, चंदन विकत होता, त्याच्याकडे ही झुंबड. आमच्याकडे एक आजोबा आले, बाटली नाकाशी नेली आणि म्हणाले, "हा त् माया वावरातला वास होय. इकत काऊन घ्याचा?" आणि शांतपणे पुढे गेले. दिवाकरभाऊंना त्याचाच कोण आनंद! म्हणजे बांधावरचा नागरमोथा तरी जमला. संध्याकाळपर्यंत एकही बाटली खपली नाही आणि हा माणूस खुशीत घोंगडीची घडी घालत होता. सुमनवहिनी मला म्हणाल्या, "तुमीच बिघडवलं याहीले." खरं होतं ते.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या मागे चूल मांडली आणि तांब्याचा एक गुंड, म्हणजे मोठा हंडा, आणला. झाकणाला कणकेचा लेप, त्यातून बांबूची नळी, नळीभोवती थंड पाण्याचा डबा. प्रयोगशाळेपेक्षा हे बरं चालायचं, आणि पाणी आता ते खालूनच सोडत. तेवढ्यात निंबूनाल्यावरून नवा मोठा रस्ता जाणार, अशी बातमी आली. झाडांच्या बुंध्यांवर लाल रंगानं आकडे पडले. लिंबाच्या झाडांवर आकडेही नव्हते, ती कुणाच्या हिशेबातच नव्हती. दिवाकरभाऊ दोन-तीन बैठकांना गेले, मागच्या रांगेत बसून आले. ते काही लढणारे नव्हते, मीही नव्हते. आम्ही अर्ज केला, अर्ज कुठेतरी गेला. मग ते म्हणाले, "जाऊ द्या बाई. झाडं त् राहाची नाई. वास तरी राह्यला पाह्यजे बाटलीत. त्याच्या पह्यले जमलं पाह्यजे." त्या सहा-सात महिन्यांत त्यांनी जेवढे नंबर काढले तेवढे आधीच्या दहा वर्षांत काढले नसतील. अंगणातल्या तारेवर कपड्यांपेक्षा चिंध्याच जास्त असायच्या. दिवस चालले होते, आणि अत्तर जिथल्या तिथेच होतं.

तोड सुरू झाल्याचं कळलं त्या सकाळी ते माझ्या दारात उभे होते. "एकदा पाहून येऊ, बाई." मी नको म्हणाले, तरी स्कूटर काढली. नाल्याच्या अलीकडच्या वळणावर मला पहिल्यांदा तो वास आला. मी स्कूटर थांबवली. पुढे यांत्रिक करवतींचा आवाज चालू होता, साग आणि बिजा एकामागून एक आडवे होत होते, आणि त्या झाडांखाली, यंत्रांच्या चाकांखाली लिंबं, पानं, कोवळ्या फांद्या चिरडत होत्या. लिंबू उडून जायला वेळच मिळत नव्हता, सारखं नवं चिरडत होतं. आणि लाकूड सारखं नवं उघडं पडत होतं. दोन्ही एकाच वेळी, दाट, सगळ्या रानभर. इतका सुंदर वास मी आयुष्यात घेतलेला नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तो सुंदरच होता.

माझ्या डोक्यात सगळं जुळलं. झोपड्या पडायच्या त्या तोड चालू असलेल्या कुपात. लाकडाचा वास म्हणजे कापलेल्या लाकडाचा. आणि वर्गात ज्या आवाजात उत्तर सांगते त्याच आवाजात मी म्हणाले, "दिवाकरभाऊ, हाच ना तो? अहो, तो जंगलाचा वास नव्हताच. तोडीचा होता."

हेच ते वाक्य. मुलाला गणित सुटलं की मी जशी खूश होते, तशी त्या क्षणी मी खूश झाले होते. अर्ध्या क्षणापुरती का होईना, झाले होते.

ते स्कूटरवरून उतरले. मग म्हणाले, "हव जी. हाच होय." आडव्या सागाकडे पाहत पुढे म्हणाले, "म्हणजे मायचा समजून मी बापाच्या कुऱ्हाडीचा वास शोधून राह्यलो होतो." मी काहीतरी बोलायला गेले, की आईसुद्धा त्याच हवेत होती ना... त्यांनी हातानंच थांबवलं. मग त्यांनी पिशवी उघडली आणि ते खाली वाकले. करवतीचा भुसा, ढलप्या, चिरडलेली लिंबं, सालीसकट, पानांसकट, भरू लागले. मला वाटलं होतं, ते कशाला हात लावणार नाहीत. माझ्याकडे न पाहताच ते म्हणाले, "पडलेलंच होय, बाई. उचलाले हरकत नाई."

आठवड्याभरानं ते घरी आले आणि त्यांनी माझ्या हातात चिंधी ठेवली. तीन दिवसांची होती. लिंबू तिच्यात होतं, लाकूड होतं, दोन्ही एकत्र. कसं जमवलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चिंधीवर नंबर नव्हता. बरोबर मेणानं बूच बंद केलेली एक बाटली होती. "घरी नाई ठेवत मी," म्हणाले. "फेकाची असन त् फेकून द्या." त्यानंतर त्यांनी चूल पेटवली नाही. तांब्याच्या गुंडात सुमनवहिनी पाणी भरून ठेवू लागल्या. मी जायचे, ते बोलायचे, धानाचं, पावसाचं, मुलीच्या सासरचं. अत्तराचं नाव नाही. एकदा मी धीर करून म्हणाले, मी तेव्हा बोलायला नको होतं. ते म्हणाले, "तुमी नाई बोलल्या असत्या त् नाकानं सांगतलंच असतं ना." त्यांनी माझी समजूत घातली, आणि मी ती घालू दिली. पण मला माहीत आहे, मी गप्प बसले असते तर ते आणखी काही दिवस म्हणाले असते, वारा उलटा आहे. माणूस सबबीवरही जगतो. रस्ता झाला त्या वर्षीचा पावसाळा संपता संपता ते गेले. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं, आणि ते तसंच असेल.

बाटली मी फेकली नाही. एका जुन्या सुती साडीत गुंडाळून कपाटात ठेवली. बूच घट्ट आहे, मेण शाबूत आहे, तरी त्या खणातल्या सगळ्या साड्यांना तो वास लागला. धुतला तरी जात नाही. आधी मला वाटायचं, चला, दिवाकरभाऊ घरात आहेत. आता वाटत नाही तसं. त्यांची आठवण काढावी म्हणून कपाट उघडते, आणि समोर येते ती सकाळ, आडवी होणारी झाडं, आणि माझा तो आनंदी आवाज. साध्या, चुकलेल्या नंबरांच्या बाटल्यांमध्ये ते जास्त होते. त्या सगळ्या मात्र वहिनींनी धुऊन भंगारवाल्याला दिल्या. त्यांना तरी काय बोलणार.

तेरवी झाल्यावर मी मैनाबाईला सांगायला टोल्यावर गेले. तिला कुणी कळवलं नसणार, हे मला ठाऊक होतं. नव्या रस्त्यानं गेले, आता वीस मिनिटं लागतात. निंबूनाला कुठे गेला ते कळलंही नाही. कळलं तेव्हा तो मागे पडला होता. मैनाबाई ओट्यावर बसून हिरडे निवडत होती. नजर पार गेली आहे तिची, सुनेनं सांगितल्यावर तिनं मला ओळखलं. मी तिच्याजवळ टेकले. दिवाकरभाऊ गेले हे कसं सांगावं याचे शब्द जुळवत होते, तेवढ्यात तिचे हात थांबले. तिनं मान वर केली, माझ्या पदराच्या दिशेनं, आणि दोनदा श्वास घेतला.

"आता कुठी तोडून राह्यले व, बाई?" तिनं विचारलं.